जुंपून पाहिलेला प्रोसेसर

बायांनो, चहा ओता, तोवर परवाची गंमत ऐका. लग्नांचे व्हिडिओ मी जोडते हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते शिकवायला मला कोणी आलं नव्हतं. जुना कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून आमच्या म्हाताऱ्याला घेऊन यवतमाळच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "आजी, या प्रोसेसरचा कॉम्प्युटर घ्या, गेमले एक नंबर. तो दुसरा स्वस्त हाय, पण कामधंद्याचा."

"स्वस्तही हाय अन् कामधंद्याचाही हाय, तर मंग 'पण' कायले?"

त्यानं दोन्हींच्या वेगाचे छापील आकडे पुढे केले.

"कागद ठेव बाजूले. बैल घेतांनी आमी नुसते दात पाहत नाही, वखराले जुंपून पाहतो. दोनी मशीन चालू कर."

पेन ड्राइव्हमधला नेरच्या लग्नाचा व्हिडिओ दोन्हींवर जोडायला लावला. स्वस्तवाला काम उरकून आधी मोकळा झाला. मग गेम लावला आणि खेळायला म्हाताऱ्याला बसवलं. तिथं महागडा पुढे निघाला. मी स्वस्तवाला बांधायला सांगितला, तर म्हातारा महागड्यासमोरून उठेचना!

"मले हाच पायजे," म्हणे. शेवटी हाताला धरून उठवला.

बसमध्ये बाभुळगावपर्यंत तोंड फुगवून बसला. मग हळूच विचारतो, "काय वं, आपल्या मशीनवर तो गेम चालनच नाही का?"

"चालते ना. मी खुर्चीवरून उठली का तुमी खेळा."

"अन् तू उठतं कवा?"

"म्हणूनच तं लवकर मोकळा होनारा घेतला!"