समोरच्या दवाखान्याची पाटी

नाशिकच्या स्टँडवर सिन्नरच्या गाडीची वाट बघत इंदिरा बसली होती. शेजारी मायलेकी कुजबुजत होत्या.

"आई, दवाखाना समोरच आहे."

"पाटी वाचलीस? त्वचा व गुप्तरोग. तुला आत शिरताना कुणी बघितलं, तर जमत आलेलं लग्न मोडेल."

"उशीला गाल टेकवत नाही गं. गाठींतून पू येतोय."

"मुरमं सगळ्यांनाच येतात. हळद लाव."

"वर्षभर लावतेय. आता खड्डे पडायला लागलेत."

आईची नजर इंदिरेच्या मंगळसूत्रावर गेली.

"ताई, तुमचं लग्न झालंय. जरा आत जाऊन हिचं औषध आणता का?"

इंदिरा उठायच्या बेतात होती, तेवढ्यात मुलीनं तोंडावरची ओढणी काढली.

"आई, डॉक्टर चेहरा कुणाचा बघतील?"