इरफान, मी आणि चुकलेला टँकर

चहा येतोय तोवर इरफानचं सांगतो. मागच्या मोठ्या दुष्काळात आम्ही दोघं औरंगपुऱ्यातल्या एका खोलीत वेबसाइट बनवायचो. लई सुखाचे दिवस होते ते. एका टँकरवाल्याला आम्ही पाणी मागवायची वेबसाइट करून दिली होती; तक्रारीला फोन-पत्ता आमचाच होता.

एकदा छावणी भागातल्या कमलमावशी या गिऱ्हाइकाचा फोन आला. "काल मागवलेला टँकर आला. आज न मागता दुसरा आला, तो गल्लीनं भरून पण घेतला."

तेवढ्यात बिडकीन रोडच्या नव्या वसाहतीतले एक काका दारात आले. तिथं नळ पोचलाच नव्हता. "उद्या नातीचं लग्न आहे. माझा टँकर कुठंय?"

इरफाननं आधी त्यांच्याकडं टँकर धाडला, मग चूक शोधायला बसला. सर्व्हरमध्ये आमच्या स्क्रिप्टच्या, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, बऱ्याच प्रती एकदम चालायच्या, म्हणून चूक कधी दिसायची, कधी नाय. त्यानं एकच प्रत चालू ठेवली आणि चूक सापडली. काकांसारखं कोणी पत्ता लिहायला विसरलं, की स्क्रिप्ट आधीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता लावायची.

"बेचारी सब याद रखती है," इरफान हसला. "तिला विसरायला शिकवू." दर वेळी जुना पत्ता पुसणारी एक ओळ त्यानं घातली.

इरफान आता परदेशात असतो. फोनवर आजही आधी मावशींचीच आठवण काढतो. कारण दुरुस्तीनंतर आठवड्यानं त्यांनी त्याला फोन करून विचारलं होतं, "दुरुस्त केलं का रे?"

"व्हय मावशी."

"बरं केलं. पण गल्ली विचारतीय, पुन्हा कधी बिघडंल?"