सोपानमास्तरांच्या डोक्याभोवतीचा बर्फ

मंडळी, दुकानं बंद ठेवून तुम्ही इथं जमलात. मला बोलायला लावू नका, असं मी सांगितलं होतं. मास्तर असते तर म्हणाले असते, "सिस्टरबाई, तुमच्या जिभंपुढं माझी कात्री बोथट." निम्म्या वेल्ह्याचे कपडे त्यांनी शिवले. मी पुण्याच्या ऑपरेशन थिएटरातली नोकरी संपवून इथं राहायला आले, तेव्हापासून हा टोमणा रोजचा.

त्या दिवशी पहाटे मास्तरांच्या छातीतून पाठीत कळ गेली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटत होती. जीपमधून पुण्याला नेलं, लगेच ऑपरेशनला घेतलं. ती शिवायची तर अंगातलं रक्त थांबवावं लागतं. रक्त थांबलं की मेंदू काही मिनिटांत मरतो. म्हणून माणसाला गार करतात, डोक्याभोवती बर्फ रचतात. गार मेंदू थोडा वेळ तग धरतो.

हे मला माहीत होतं. त्यांच्या भावाला, दगडूभाऊंना, कोण सांगणार? डॉक्टरांना दोन शब्द जड झाले. आणि मी? मास्तरांच्या बायकोला, पारूवहिनींना, बसायला बाक नाही म्हणून मी कारकुनाला फैलावर घेत होते.

दगडूभाऊंनी बर्फ आत जाताना पाहिला. आपल्याकडे माणसाजवळ बर्फ कधी ठेवतात? रक्त द्यायला थांबलेल्या तिघांना ते म्हणाले, "बरफ आत न्येला रं. संपलं. गावाकडं सांगा."

तिघांनी एसटी पकडली.

दुपारनंतर मास्तरांनी डोळे उघडले. मी विचारलं, "मास्तर, मला ओळखलंत?" तोंडात नळी होती. त्यांनी दोन बोटं उचलली आणि कात्री चालवून दाखवली.

मेंदू शाबूत होता, मंडळी. टोमण्यासकट शाबूत होता. आणि त्याच वेळी इथं नदीकाठी तुम्ही लाकडं रचत होता.

संध्याकाळी आतून रक्त वाहू लागलं. मिळालं तेवढं रक्त दिलं, पुरलं नाही. देणारे वेल्ह्यात होते.

तेव्हापासून दगडूभाऊंशी कुणी बोलत नाही. आत्ताही ते दाराबाहेर उभे आहेत. त्यांना काय म्हणून बोल लावता? ज्यांना माहीत होतं ते गप्प राहिले. त्यांतली एक मी. जन्मभर सगळ्यांना सुनावलं, आणि एक वाक्य हवं होतं तिथं माझं तोंड दुसरीकडे चालू होतं.

आता सगळे उठा. दोन मिनिटं मास्तरांसाठी गप्प उभे राहू.

दगडूभाऊ, बाहेर नका थांबू. इथं माझ्याशेजारी या. तुम्ही आलात की सुरू करू.