गंजातलं औषध

नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात डोळे तपासायच्या रांगेत बसलो होतो. पुढं शहरातल्याच नंदनवन वस्तीतल्या एक काकू आणि डॉक्टरांना भेटून बाहेर आलेली कुहीकडच्या खेड्यातली देवकी, ओळख नुकतीच झालेली.

“काहून रडून राहिली वं बाई?”

“औषध बंद केलं, काकू. सरकारी संशोधन होतं. आमच्या गावात अर्ध्यायले खरं औषध देलं, अर्ध्यायले नुसतं पाणी. बाटल्या सारख्याच. कोणाले काय भेटलं, गावात कोणालेच मालूम नाही.”

“मंग?”

“एकाले औषध अन् एकाले पाणी, असं गावात चालते का? सगळ्या बाटल्या भात शिजवाच्या एका मोठ्या गंजात ओतल्या अन् सारखं वाटून घेतलं.”

“अवं माय! गुण आला का?”

“सगळ्यायलेच आला. माह्या सासूले आता सुईत दोरा ओवता येते.”

“मंग बंद काहून केलं?”

“डॉक्टर म्हणे, पाणीवालेही तेवढेच सुधरले, म्हणजे औषधात काही दम नाही.”

“सांगून टाक ना, वाटून घेतलं म्हणून!”

“आत्ताच सांगतलं. डोक्याले हात लावून बसले. म्हणे, पहिल्यापासून करा लागन, पुन्हा बाटल्या देतो.”

“मंग आता कायले रडतं?”

“गंज लहान पडन ना, काकू. यावेळी शेजारचं गावही संशोधनात हाय.”