साडूची हायब्रिड आणि माझा शर्ट

...आणि वर मलाच विचारतात, 'ल्युबिंको, तुझी गाडी एवढी सुसाट, मग तू मागे कसा राहिलास?' अहो, सुसाट आहे म्हणूनच राहिलो! तुम्हाला सांगतो, शून्य ते शंभर, साडेसहा सेकंद! कंपनीने छापून दिलंय, कागद लॅमिनेट करून ठेवलाय मी. आणि साडूच्या त्या हायब्रिडला? अकरा! अकरा सेकंदांत माणूस कॉफी ढवळून, पिऊन, कप विसळून ठेवतो हो!

हा साडू म्हणजे ग्वोझ्देन, माझ्या मेव्हणीचा नवरा. पोस्टात हेडक्लार्क. बोलतो तेही शिक्का मारल्यासारखं. 'साडूभाऊ, आमची शंभर किलोमीटरला साडेचार लिटर पिते. तुमची?' आता माझी किती पिते हे मी बायकोसमोर कशाला बोलू? आमची देसांका आधीच टपलेली! 'अहो, बावन्न वर्षांचे झालात! तीन दारांची डबी ती, मागे बसलं की गुडघे कानाला लागतात, आणि आवाज असा की कोंबड्यांनी अंडी देणं सोडलंय! विका ती आणि ग्वोझ्देनसारखी घ्या.' ग्वोझ्देनसारखी! ती सुरू झाली की नाही हे बघायला माणसाला खाली उतरावं लागतं!

त्यात माझ्या भाच्याचं लग्न निघालं. ओग्न्येनचं. आता आमच्याकडे काय असतं, चर्चमध्ये लग्न लागलं की वरात निघायच्या आधी एकाने पुढे धावत जाऊन मुलाच्या आईला सांगायचं, 'सून येतेय!' आणि तिने त्याच्या गळ्यात नवा शर्ट घालायचा. पूर्वी घोड्यावरून जायचे. गेली अठरा वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात हे काम कोणाचं? माझं! अठरा शर्ट आहेत कपाटात! आणि इथे तर मुलाची आई म्हणजे माझी सख्खी ताई, स्तानोय्का. मामानेच जायला हवं की नाही? तर साडू म्हणतो कसा, 'या वेळी आम्ही जाऊ म्हणतो. प्रदूषणही नाही.'

मी काही बोलायच्या आत देसांका मध्ये! 'दोघंही जा. ज्याच्या गळ्यात शर्ट, त्याचं खरं. आणि तुम्ही हरलात ना, तर सोमवारी ती डबी बाजारात.' सगळ्या पाहुण्यांसमोर! मी 'हो' म्हणालो. म्हणणारच! शून्य ते शंभर, साडेसहा सेकंद हो!

आता ऐका. चर्चसमोरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना आलुबुखाराची झाडं. सप्टेंबर महिना. पिकून फुटलेल्या फळांचा रस्त्यावर नुसता चिखल! मी पहिला गिअर टाकला, दणकून पाय दाबला... आणि पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगर गरगर! ब्रास बँडवाल्यांच्या पांढऱ्या शर्टांवर जांभळा सडा! साडेसहा सेकंद झाले, मी होतो तिथेच! आणि तो ग्वोझ्देन... आवाज नाही, धूर नाही, मांजर स्वयंपाकघरातून निघावं तसा बाजूने निघून गेला. वर काच खाली करून म्हणतो, 'येतो हं, साडूभाऊ!'

बरं, पुढे अरुंद पुलावर सिग्नल. गाठला मी त्याला! दिवा हिरवा झाला आणि ह्याने हळूच पाय ठेवला की गाडी चालायलाच लागली हो! विजेची मोटर ना, सांगितल्या क्षणी जोर लावते. माझा टर्बो आधी विचार करतो. 'जाऊ का? खरंच जाऊ?' तो 'जातो' म्हणेपर्यंत ग्वोझ्देन पूल पार! मग मोकळा रस्ता मिळाला, म्हटलं आता बघ... तर आडवं रेल्वे फाटक! तो निसटला, दांडा माझ्या नाकासमोर पडला. मालगाडी. चौतीस डबे. मोजले मी. शून्य ते शंभर साडेसहा सेकंद, आणि मी डबे मोजतोय! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि म्हटलं, बाई, सोमवारी निरोप.

फाटक उघडलं. रागाच्या भरात चढावर असा पाय दाबला की सायलेन्सर तोफेसारखा फुटायला लागला... धाड! धाड! आणि अंगणात शिरतो तर काय, अख्खं घर फाटकाशी! 'आला! सून येतेय!' ताई शर्ट घेऊन धावत आली, खिडकीतूनच माझ्या गळ्यात घातला!

आणि ग्वोझ्देन? उभा होता की! केव्हापासून! हा बॅटरीवर गुपचूप आत आला, ताई मागे डुक्कर भाजत होते तिथे, हा आपला पोस्टातल्या आवाजात, 'सून येतेय...' ताईने वळूनही बघितलं नाही! 'आलास? बर्फाच्या पेट्या तिकडे सावलीत ठेव.' आणि त्याने ठेवल्या हो! चार पेट्या!

'स्तानोय्काताई, पहिला मी आलो होतो!'

'मग माणसाने बोलायचं तरी!'

'बोललो ना!'

'तू बोललास तशीच तुझी गाडीही आली, मला कसं कळणार?'

संपलं! शर्ट माझा! गाडी वाचली! मी एवढा खूश, एवढा खूश, की प्रत्येक टेबलावर एकेक पेला राकिया, आमची घरची फळांची दारू. मग घरी जायची वेळ झाली तर देसांकाने हात पुढे केला, 'चावी.'

आयुष्यात कधी बसली नव्हती ती त्या सीटवर. 'शी, केवढी खाली आहे ही! आणि हा गिअर की पाण्याचा नळ?' मक्याच्या शेतांमधला सरळ रस्ता लागला. सुकलेला, स्वच्छ, एक फळ नाही. मी म्हटलं, 'अगं, जरा दाब.' तिने दाबला. टर्बोने विचार केला... आणि माझं डोकं मागे आपटलं! तिने पुढच्या वळणावर गाडी थांबवली. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं.

'अगं बाई,' ती म्हणाली. 'पुन्हा.'

त्या दिवसापासून ती बाजाराला त्यातून, आईकडे त्यातून, बहिणीला घेऊन डोंगरावर त्यातून! परवा मला सांगत होती, मला! 'अहो, शून्य ते शंभर, साडेसहा सेकंद!' मी म्हटलं, 'हो का?' कामावर कसा जातो विचारता? ग्वोझ्देन सोडतो. साडेचार लिटरमध्ये. वाटेत अक्षर बोलत नाही, आणि गाडीचाही आवाज नाही, मी झोपतो.

नाही नाही, गाडी आहे ना. घरातच आहे. मलाही मिळते की! दर रविवारी. धुवायला.