सानिकाला झालेला अल्पसा आजार

सानिकाचे आईवडील मंदाताई आणि दत्ताभाऊ, तिच्या थोरल्या काकी, सरपंच आणि मार्गासनीच्या मंडळींनो,

शाळेचं पटांगण भरलंय. लग्नाला जमतात तेवढी माणसं जमलीत, आणि ती सोळा वर्षांच्या पोरीच्या शोकसभेला. मी सानिकाची कॉलेजातली मराठीची बाई. स्नेहसंमेलनात तुम्हाला हसवते, तीच. आज जीभ उचलत नाही. त्यात सरपंचांनी माईक देताना कानात सांगितलंय, "बाई, चांगलं चांगलं बोला, आन् थोडक्यात." थोडक्यात बोलेन. चांगल्याचं बघू.

तो फ्लेक्स बघा. सानिकाचा फोटो केवढा, आणि तिला श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे केवढे. ज्यांनी तिला कधी एसटीत बसायला जागा दिली नाही, ते सगळे तिच्याभोवती गॉगल लावून उभे आहेत. खाली लिहिलंय, अल्पशा आजाराने दुःखद निधन. मघापासून जे जे बोलले, त्यांनी तेच म्हटलं. कुणी नियती म्हटलं. कुणी दृष्ट म्हटलं. एक जण तर म्हणाले, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. देवाच्या नावावर खपवायला आपल्याला वेळ लागत नाही. पण आजार कोणता, हे एकानंही सांगितलं नाही.

मी सांगते. सानिकाला आजार नव्हता. सानिकाला पाळी येत होती.

गेल्या माना खाली. पुरुषांच्या जाणारच होत्या, बायकांच्याही गेल्या. आपल्याकडं हिला अडचण म्हणतात, बाहेरची म्हणतात, कावळा शिवला म्हणतात. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवावा म्हणून तुम्ही हात जोडून उन्हात उभे राहता, आणि घरातल्या पोरीला शिवला की तिला उंबऱ्याबाहेर बसवता. कावळ्यालासुद्धा कळत नसेल, आपण नक्की शुभ का अशुभ.

गोष्ट सरळ आहे, मंडळी. सानिका आठवीत होती. गौरी यायच्या होत्या आणि तिची तारीख त्याच सुमाराला आली. काकींनी मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणवली. गौरी गोड झाल्या. मग नवरात्र आलं. मग जत्रा आली. मग चुलत्यांच्या घराची वास्तुशांत आली. आपली देवी डोंगरावर ऊन-पाऊस अंगावर घेत उभी आहे. तिच्या पायरीवर शेरडं बसतात, कुत्री झोपतात, जत्रेत पिऊन आलेले लोटांगण घालतात. तिला काही होत नाही. सानिका पाळीत पायरी चढली की मात्र तिला विटाळ होतो. एवढी नाजूक देवी आपण कुठून पैदा केली?

पोरगी हुशार होती. देवाच्या सोयीसाठी चालतं, तर आपल्या सोयीसाठी का नाही? मग परीक्षेला गोळी. कबड्डीच्या सामन्याला गोळी. सहलीला गोळी. मामेबहिणीच्या हळदीला गोळी. एसटीच्या मागच्या बाकावर या पोरी एकमेकींना गोळ्या देतात, बोरं वाटून खावीत तशा. तिथंच मी त्यांना पाहिलं. विचारलं, डॉक्टरनं दिल्यात का? सानिका हसायला लागली. म्हणाली, "डॉक्टर कशाला बाई? त्यो धा प्रश्न इचारतो. काकीकडं डबाच हाय, कुंकवाच्या करंड्याशेजारी."

मी रागावले. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, की तुम्ही आमच्या घरी येऊन सांगता का, पोरीला पाळीत देवाला शिवू द्या म्हणून? सांगितलंत तर सोडते. मी गेले. काकींनी पोहे केले, चहा केला, चांगली गादी टाकली. आणि म्हणाल्या, बाई, तुमच्यात चालत असंल, आमच्यात देवीचं लई कडक हाय. पोहे मात्र उत्तम होते.

या वेळच्या गोळ्या चालू असतानाच पाय सुजला. कबड्डीत मुका मार बसला असेल म्हणून घरात हळदीचा लेप लावला. दोन दिवसांनी तिला जिना चढताना धाप लागली. भोरला नेली, तिथून पुण्याला. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, ती फुफ्फुसात जाऊन अडकली. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं कधी झालं होतं का? मी शेजारीच उभी होते. मंदाताई म्हणाल्या, "मला. हिच्या बाळंतपणात माझा पाय असाच सुजला व्हता. लई दिवस इंजेक्शनं घेतली."

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाले, एकट्या गोळीनं झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ही गोष्ट माहीत असती, तर या मुलीला ही गोळी मी कधीच दिली नसती.

सानिका ज्यांना हसली होती, त्या दहा प्रश्नांतला हा एक प्रश्न. तो विचारायला कुणी नव्हतं. तुमच्या घरात शेळी फुगली, तर तुम्ही गुरांच्या डॉक्टरला फोन लावता. शेळी गाभण आहे का, याआधी कधी फुगली होती का, तिच्या आईला असं व्हायचं का, सगळं न विचारता सांगता. त्याचा फोन लागला नाही तर टेकाडावर चढून रेंज शोधता. शेळीचं नशीब. तिला नैवेद्य दाखवायचा नसतो.

मेडिकलवालेही आलेत. फ्लेक्सवर त्यांचंही नाव आहे. मी त्यांना विचारलं, चिठ्ठी का मागितली नाही? म्हणाले, मागितली की गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. शिवाय बायकांचा विषय, आपण कसं विचारायचं? गोळी द्यायला विषय आडवा आला नाही. विचारायला आला.

एवढं बोलून मी खाली बसले असते. पण उद्या तेरावं आहे.

सानिकाची धाकटी बहीण तनुजा, नववीतली, ती तिथं खांबापाशी बसलीय. नैवेद्य बहिणीच्या हातचा लागतो, आणि तनुजाची तारीख याच दिवसांत येते. म्हणून काल दुपारी काकींनी तिच्या हातावर गोळी ठेवली. डबा तोच. गोळी तीच. रक्तही तेच, मंदाताईंचं आणि सानिकाचं. बहिणीच्या तेराव्याला बहीण शुद्ध असावी म्हणून. मंडळी, मला कशावरही विनोद करता येतो, तुम्ही ऐकलेत. यावर येत नाही.

तनुजानं गोळी खाल्ली नाही. मुठीत धरून ती माझ्या घरी आली. तिला विचारल्याशिवाय मी हे इथं बोलत नाहीये. मी म्हटलं, सगळ्या गावासमोर तुझं नाव निघेल, पोरं चिडवतील, चालेल का? तेव्हा ती म्हणाली, "सांगा बाई. ताईचं कुणीच सांगितलं न्हाई."

काकी, माझ्याकडं बघा. तुम्ही वाईट असतात तर माझं काम सोपं होतं. तुम्हाला तुमच्या सासूनं चार चार दिवस गोठ्यात बसवलं, थंडीत पोत्यावर निजवलं. पोरींवर ती वेळ येऊ नये म्हणून तुम्ही गोळी आणलीत. तुमच्या हिशोबी ती माया होती. गोठा मोडून टाकावा, असं तुम्हाला कधी वाटलं नाही. पोरीच मोडून टाकल्या. आणि हे एकट्या तुमचं नाही. इथं बसलेल्या किती घरांत असा डबा आहे? हात वर करू नका. नुसतं घरी जाऊन करंड्याशेजारी बघा.

काय म्हणालात, काकी? मोठ्यानं बोला. आज सगळं मोठ्यानंच चाललंय.

ऐकलंत मंडळी? काकी म्हणतात, मंग निवद कुणी दाखवायचा?

तनुजा दाखवेल. पाळी आली असेल तर पाळीत दाखवेल. पानंही तीच वाढेल. ज्याला ते चालणार नाही, त्यानं उद्या जेवायला येऊ नये. न येणं हीसुद्धा श्रद्धांजलीच, आणि ती फ्लेक्सपेक्षा स्वस्त पडते. सरपंच, तुम्ही पहिल्या पंगतीला बसणार का? नुसती मान हलवू नका, हललेल्या मानेचा नंतर कुठलाही अर्थ निघतो. बसणार? बसणार म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले.

मंदाताई उठल्यात. वाट द्या त्यांना. पोरीजवळ जायचंय त्यांना, जाऊ द्या. पाय सरकवा, दादा.

हां. बसल्या.

आता सगळ्यांनी उभं राहायचंय. मोबाईल बंद करा. डोळे मिटले की देवाचं नाव घ्यायची आपल्याला सवय आहे, ती दोन मिनिटं आवरा. सानिकाचं नाव घ्या.

तनुजा, तू उठू नकोस. पहाटेपासून पोट दुखतंय तुझं. आईला टेकून बस.

बाकीच्यांनी उभं राहा.