थापी नको, तलवार द्या

इतिहासाची चित्रं काढायला मी आता सरळ नाही म्हणतो. नाशिकजवळच्या एका नगरपालिकेत साहेबांनी मला मोबाईलवर जर्मनीतल्या टाऊन हॉलचा फोटो दाखवला. भिंतभर राजे, लढाया. "पेंटर, आपल्या सभागृहात सेम असंच पाहिजे."

मी किल्ला बांधणारे गवंडी काढले. त्यातल्या एकाला वडिलांचा चेहरा दिला.

साहेबांनी विचारलं, "हा कोण?"

"वडील माझे. ही भिंत त्यांनीच बांधलीय."

"पुसा. तिथं नगराध्यक्षांचे आजोबा घ्या. आणि हातात थापी नको, तलवार द्या."

दिली.

उद्घाटनाला वडील आले होते. भाषणं लांबली, तसे ते उभ्या-उभ्या भिंतीला टेकले. शिपाई धावत आला.

"बाबा, टेकू नका तिथं. इतिहासाला डाग पडतील."